मला अंधार दाखव

प्रिय झियाद,

गच्चीवरच्या अँटेनाच्या खांबाचा आवाज तुला आठवतो का? नुसती करकर नव्हती ती. जरा खालच्या पट्टीतला आवाज होता, म्हाताऱ्या उंटानं गुडघे मोडून बसताना काढावा तसा. मी दोन्ही हातांनी खांब धरून समुद्राच्या बाजूला फिरवायचो, तू जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा असायचास आणि तुझी आई खाली टीव्हीपुढं बसलेली असायची. ती म्हणायची, "आलं." तू वर तोंड करून ओरडायचास, "बाबा, आलं." तेवढ्यात वाऱ्यानं खांब जरासा हललेला असायचा. ती म्हणायची, "गेलं." आणि तू तेही तितक्याच आनंदानं वर पोचवायचास, "बाबा, गेलं." तुला येण्याशी आणि जाण्याशी काही देणंघेणं नव्हतं. तुला ओरडायला मिळत होतं, तेवढं पुरे होतं.

उन्हाळ्यात समुद्र तापला की इटलीचं चित्र धुतलेल्या काचेसारखं स्वच्छ यायचं. मोत्यांचे हार घातलेल्या बायका, त्यांचे प्रश्नोत्तरांचे खेळ, मागे कारंजी. आपल्याला त्यातलं काही कळायचं नाही आणि आपण रात्रीचं जेवण संपेपर्यंत बघत बसायचो. एकदा तू विचारलंस, "बाबा, चित्र कशात बसून येतं?" मी म्हटलं, "कशातच नाही. हवेतून येतं." तू थोडा वेळ विचार केलास आणि म्हणालास, "मग आपणही तसंच जाऊ." तुझी आई हसली, मीही हसलो. सहा-सात वर्षांच्या मुलानं असं काही म्हटलं की हसायचंच असतं.

तो खांब आता गंजून घट्ट बसलाय. तुझी आई त्याला दोरी बांधून मिरच्या वाळवते. त्याच्याच बुडाशी बसून हे लिहितोय. दुपार आहे, समुद्र अगदी गप्प आहे, आणि उद्या चंद्र दिसला तर परवापासून रोजे.

घरात नवा टीव्ही आलाय. रमजान तोंडावर आला की आपल्या शेब्बा गावात निम्म्या घरांतले टीव्ही बदलतात आणि लस्सादच्या दुकानापुढं खोक्यांचा डोंगर होतो, हे तू पाहिलेलं आहेस. मी त्या लोकांना आयुष्यभर हसत आलो. महिनाभराच्या मालिकांसाठी एवढा खटाटोप. आपला जुना चालत होताच. त्याच्या कडेला एक हिरवी रेघ उभी राहायची, पण तिची आम्हाला सवय झाली होती. मालिकांत कुणी मेलं तरी हिरव्या रेघेच्या अलीकडंच मरायचं. पण या वर्षी तुझी आई म्हणाली, "हम्मादी, टीव्ही घ्यायचा. चांगला घ्यायचा." मालिकांसाठी नाही. कारण तुझ्या कानावर गेलेलं नसणार, म्हणून सांगतो.

तू आणि शेजारचा वाइल सप्टेंबरात एकाच रात्री घरातून निघालात. त्या रात्री आपल्या किनाऱ्यावरून दोन बोटी सुटल्या. एक इटलीला पोचली. दुसरीचं कुणालाच काही कळलं नाही. तुम्ही दोघं कुठल्या बोटीत बसलात, दोघं एकाच बोटीत होतात की वेगवेगळ्या, हे सांगणारं इथं कुणी नाही. पोचलेल्या बोटीत शुक्री नावाचा कासरीनकडचा एक मुलगा होता. त्यानं पहाटे समुद्रावर आपल्या फोननं थोडंसं चित्रण केलं. ते या फोनवरून त्या फोनवर असं करत आपल्या गावात आलं. डोळे मिटून उघडावेत इतकंच आहे ते. पुढं उगवतीचं आकाश, बोटीचं टोक, आणि टोकाशी आपल्याकडं तोंड करून बसलेला एक मुलगा. उजेड त्याच्या पाठीमागं, म्हणून तोंडाच्या जागी नुसता काळा डाग. पण दोन्ही दंडांवर दोन पट्ट्या चमकताहेत. बर्फाच्या कारखान्यातलं माझं जाकीट. रात्रपाळीला गाडीखाली कुणी येऊ नये म्हणून त्या पट्ट्या लावायचे. थंडी वाजेल म्हणून मीच ते तुला दिलं होतं, तू कुठं निघालायस हे न विचारता.

तेव्हा तुझी आई म्हणते तो तूच. आणि तो तू असलास तर तू पोचलास. एवढंच आहे सगळं. पोचलास तर फोन का केला नाहीस, याला तिच्याकडं भरपूर कारणं आहेत. फोन पाण्यात पडला, तिकडच्या कुठल्या कोठडीत ठेवलंय, आमच्यावर रुसलास, किंवा जरा बरं चाललं की मगच करायचा असं ठरवलंयस. तिची कारणं संपत आली की एखादं मी पुरवतो. रात्री झोपताना ती फोनच्या काचेवर दोन बोटं ठेवून तुझा चेहरा ताणते, ताणता ताणता त्याचे चौकोन होतात. मग ओढणीच्या टोकानं ती काच पुसते. काजळी बाहेरून बसलीय अशा समजुतीनं पुसते.

तर आम्ही लस्सादच्या दुकानात गेलो. तो तुला माहीत आहे, बोलायला लागला की श्वास घेत नाही. "या काका, या मावशी, यंदा घरात थिएटर." भिंतभर टीव्ही लावलेले, आणि सगळ्यांत तेच रंगीत मासे, तेच पोपट, तोच ज्वालामुखी. तो एकेका खोक्यावर हात मारत निघाला. "हे बघा, यावर लिहिलंय एचडीआर. यावरही एचडीआर. नुसतं डोळ्यांत भरतं. आता एचडीआर नसलेला टीव्ही म्हणजे मीठ नसलेली भाकरी." तुझी आई खोक्यावरची तीन अक्षरं बोटानं एकेक करून वाचत होती. मग तिनं विचारलं, "दोन्हीवर तेच लिहिलंय, तर हा एवढा हलका आणि तो एवढा जड का?" लस्साद म्हणाला, "मावशी, जडमध्ये जरा जास्त असतं." ती म्हणाली, "बाजारातल्या हरिसा चटणीच्या प्रत्येक डब्यावर लालभडक मिरचीच छापलेली असते बाळा. आत टोमॅटो किती घातलाय ते जिभेला कळतं. तू मला डबा दाखवू नको." मागे धुण्याचं मशीन बघायला आलेले एक गृहस्थ हसले. लस्सादही हसला. तो म्हणाला, "बरं, तुम्हाला नक्की बघायचंय काय? मालिका? फुटबॉल?"

"मला अंधार दाखव," ती म्हणाली.

"लोक इथं उजेड बघायला येतात मावशी."

"त्यांना दाखव उजेड. मला अंधार."

तिनं फोन त्याच्या हातात दिला. त्यानं काहीतरी जोडाजोड केली आणि ते चित्र हलक्या टीव्हीवर लावलं. आकाश म्हणजे नुसती पांढरी चादर, आणि बोटीतली सगळी माणसं मिळून डांबराचा एक गोळा. लस्साद रिमोटची बटणं दाबत होता. चित्र कशाचं आहे हे त्यानं बघितलंच नव्हतं, दुकानदाराला नुसते उजेड आणि काळोख दिसतात. तो सवयीनं बोलून गेला, "हे बघा, असं होतं स्वस्तात. आकाश जळालंय आणि पोरं काळ्यात बुडालीत."

जळण्याचा हा शब्द या अर्थानं आपल्या गावात कधी आला मला सांगता येणार नाही. माझ्या लहानपणी जळायचं ते तेल, नाहीतर तव्यावरची भाकरी, नाहीतर सूनबाईचा हात. आता कुणी समुद्रापार गेलं म्हणत नाहीत, अमक्याच्या मुलानं जाळलं म्हणतात. समुद्र जाळला, कागदपत्रं जाळली, काय जाळलं कोण जाणे, नुसतं जाळलं म्हटलं की पुरतं.  धुण्याच्या मशीनवाले गृहस्थ मशीनचं झाकण उघडून आत बघत राहिले. लस्सादनं पडद्याकडं नीट पाहिलं, मग तुझ्या आईकडं, आणि रिमोट खाली ठेवला. "मावशी..." तो म्हणाला. तुझी आई म्हणाली, "बोल की. मी विचारायलाच आलेय. जळणार नाही असा कोणता?"

मग त्यानं दुकानातले दिवे घालवले, शटर अर्धं ओढून घेतलं आणि दुकानदारासारखं बोलणं सोडलं. तो म्हणाला, दुकानात टीव्ही बघून कधी घेऊ नये, इथं सगळेच चढवून ठेवलेले असतात, मासे आणि पोपट कुणावरही छानच दिसतात. म्हणाला, ती तीन अक्षरं म्हणजे फक्त एवढंच की अशा तऱ्हेनं काढलेलं चित्र आलं तर या टीव्हीला ते वाचता येतं. दाखवता येतं का, ते त्या अक्षरांत नसतं. हलक्याच्या पाठीमागं सगळ्या पडद्याला मिळून एकच उजेड. तो वाढवला की काळोखाचं राखाडी पाणी होतं, कमी केला की माणसं बुडतात. जडाच्या पाठीमागं शेकडो बारके दिवे असतात. जिथं अंधार आहे तिथले तेवढेच विझतात, सूर्याजवळचे तेवढेच पेटतात, त्यामुळं एकाच चित्रात सूर्यही राहतो आणि सूर्याकडं पाठ करून बसलेला माणूसही राहतो.

माझ्या डोक्यात ते शिरलं आमच्या शाळेतून. चौथीत आम्हाला सी तिजानी मास्तर होते. ते स्वतः केलेली एक कविता दर वर्षी फळ्यावर लिहायचे, मी तुला पुष्कळदा म्हणून दाखवलेली आहे. विहिरीवर वाकलेला दिवा. तळाशी कोण आहे ते दिव्यालाच कळतं आणि दिवा कुणाला सांगत नाही, असा तिचा शेवट. आमच्यातली निम्मी मुलं ती पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकाच सुरात म्हणायची. सी तिजानी कपाळाला हात लावून म्हणायचे, "अरे, दिवा पण तेवढ्याच आवाजात आणि विहीर पण तेवढ्याच आवाजात? मग खोल काय राहिलं?" हलका टीव्ही म्हणजे तो मुलगा. अक्षर एकही चुकत नाही, आवाज मात्र एकच. मी हे लस्सादला सांगितलं. तो म्हणाला, "काका, हे मी गिऱ्हाइकांना सांगू का?" मी म्हटलं, सांग.

जडावर ते चित्र लावलं तेव्हा आकाशाला रंग आले. खाली तांबडा, वर पिवळट, त्याच्यावर शिंपल्याच्या आतल्या बाजूचा. जाकिटाची कड वेगळी झाली, टोपीची घडी वेगळी झाली. तोंड मात्र तसंच राहिलं. लस्सादनं विचारलं, "हे किती फोनांतून आलंय?" तुझी आई म्हणाली, "अख्ख्या गावातून." तो म्हणाला, "मग प्रत्येकानं थोडं थोडं पिळून घेतलंय. ज्या फोननं काढलं त्यातलं मूळ हवं. नव्या फोनला माणसाच्या डोळ्यापेक्षा जास्त दिसतं. त्यानं टिपलं असलं तर हा टीव्ही लपवणार नाही." तुझ्या आईनं त्या जड टीव्हीच्या कडेवर हात ठेवला, बकरी निवडताना तिच्या पाठीवर ठेवतात तसा. म्हणाली, "हा बाजूला काढून ठेव. मूळ मी आणवते."

शुक्री तिकडं कुठल्यातरी शेतात टोमॅटो तोडतो. फोनवर तो इतकं हळू बोलतो की आपणच काही चोरून करतोय असं वाटतं. तुझी आई त्याला म्हणाली, "बाळा, जेवतोस का नीट?" "हो," तो म्हणाला. मग म्हणाला, "मावशी, खरं सांगतो, मी त्या बोटीत कुणालाच ओळखत नव्हतो. सगळ्यांनी टोप्या ओढून घेतल्या होत्या, निम्मे उलट्या करत होते. किनाऱ्याला लागलो तसे सगळे पांगले. आकाश छान दिसलं म्हणून काढलं, माणसांसाठी काढलंच नव्हतं." मी म्हटलं, काही हरकत नाही, आकाशासाठी काढलंस तरी चालेल, मूळ तेवढं पाठव. त्याचा एक चुलतभाऊ रमजानला घरी यायचा होता. त्याच्या हाती पेनड्राइव्ह देतो म्हणाला.

मधे मबरूकाबद्दल सांगायला हवं. ती, वाइलची आई, आमच्याशी बोलत नाही. तुम्ही गेलात त्या आठवड्यातच ती गल्लीत सगळ्यांदेखत म्हणाली, "तुमच्या झियादच्या डोक्यातून निघालेलं आहे हे. माझा पोरगा त्याच्या मागं वेड्यासारखा जायचा. त्यानं विहिरीत उडी मार म्हटलं असतं तरी मारली असती." तुझ्या आईनं दार लावून घेतलं. दर वसंतात या दोघी शोरब्यासाठी हिरवे गहू आमच्या गच्चीवर भाजायच्या, धुरानं डोळे पुसत एकमेकींच्या सासवांच्या नकला करायच्या. आता मधल्या भिंतीवर कुणी कोपर टेकत नाही. ते चित्रण मबरूकानंही कुणाच्यातरी फोनवर एकदा बघितलं. पट्ट्या बघितल्या आणि फोन परत दिला. "हे हम्मादीचं जाकीट. त्यांचा आहे. माझा यात नाही," एवढं म्हणाली आणि कणीक मळायला घरात गेली. असं मला शेजाऱ्यांनी सांगितलं. दोन्ही आयांचं एका गोष्टीवर एकमत होतं, जाकीट ज्याचं तोच त्यात.

पेनड्राइव्ह आला आणि टीव्हीही आला. पण आला तो हलका आला. मी तुझ्या आईला सांगितलं, जड होता तो सूस शहरातलं कुणीतरी आगाऊ घेऊन गेलं, आणि यावरही तीच तीन अक्षरं आहेत, हे बघ. तिनं पुन्हा बोटानं वाचली. "हरिसाचा डबा," ती म्हणाली, पण भांडली नाही. टीव्ही भिंतीला लागला, मी मूळ चित्र लावलं. आकाश पांढरं झालं आणि बोटीच्या टोकाशी तो काळा मुलगा बसला, फोनवर होता त्याच्यापेक्षा पुष्कळ मोठा, उंबऱ्यात येऊन बसावा एवढा. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तोच. हनुवटी बघा, तुमच्या अब्बांची." मला हनुवटी दिसली नाही. तिथं दिसण्यासारखं काही नव्हतंच. मी म्हटलं, हो, तीच.

तेव्हापासून मी पेनड्राइव्ह जोडून देतो आणि ती सकाळी खिडक्या उघडायच्या आधी एकदा बघते आणि संध्याकाळी दिवा लावायच्या आधी एकदा. त्याच्याशी थोडं बोलते. मिरच्या किती वाळल्या, मांजरीला पिल्लं झाली, तुझ्या आत्यानं पुन्हा काय काढलं. काल मला मास्तरांसारखं मानाचं 'सी' लावून म्हणाली, "सी हम्मादी, या टीव्हीला तुमच्यासारखंच कमी दिसतं." आणि हसली. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा हसली. मी ते ऐकलं आणि चहा ओतत राहिलो. मला हल्ली असंच होतं. गोष्टी होतात, मी त्यांच्या शेजारी उभा असतो. कारखान्यात बर्फाच्या लादीवर हात जास्त वेळ राहिला की एक वेळ अशी यायची की गार लागणं थांबायचं. तेव्हा आम्ही एकमेकांना ओरडायचो, हात काढ. इथं ओरडणारं कुणी नाही.

आता मुद्द्याचं लिहितो, नाहीतर चंद्र दिसेल आणि पत्र राहून जाईल. पेनड्राइव्ह मला बसथांब्यावर मिळाला. तुझी आई त्या दिवशी महदियाला बहिणीच्या नातवाच्या सातव्या दिवशीच्या बारशाला गेली होती. चालतोय का एवढंच बघावं म्हणून मी एकटाच लस्सादकडं गेलो. त्यानं शटर ओढलं आणि जड टीव्हीवर लावलं. झियाद, त्या टीव्हीनं काहीच लपवलं नाही. आकाश होतं तसं राहिलं आणि त्याच्यापुढं एकेक माणूस अंधारातून वर आला, फोटो धुवायच्या पाण्यात यायचा तसा. टोकाशी बसलेला मुलगा हसत होता. त्याच्या उजव्या भुवईत मोकळी जागा होती, लहानपणी तूच भिरकावलेल्या शिंपल्यानं पडलेली. जाकिटाच्या बाह्या त्याला लांब होत होत्या, बोटं आत बुडालेली होती. तुला त्या बरोबर बसायच्या. तो वाइल होता. मी लस्सादला म्हटलं, पुन्हा लाव, सावकाश. बोटीतला एकेक चेहरा बघितला, मग पुन्हा बघितला. तू नव्हतास. लस्सादनं अंधारात विचारलं, "काका, मिळाला?" मी म्हटलं, "मिळाला." तो म्हणाला, "अल्हम्दुलिल्लाह," आणि त्यानं डोळे पुसले. मला काही झालं नाही. बाहेर कुणीतरी संत्री विकत होतं. मी विचारलं, याला वीज किती लागते. मग म्हटलं, "हा नको. हलका दे." त्याला वाटलं, आपल्याच ऐकण्यात चूक झाली. "काका, हलक्यात यातलं काही दिसणार नाही." मी म्हटलं, "माहीत आहे." त्यानं माझ्याकडं बघितलं आणि उठून हलक्याचं खोकं काढलं. जड अजून तिथंच मागच्या खोलीत आहे, चादरीखाली. तो कुणाला दाखवत नाही.

म्हणून हे पत्र. ते जाकीट तू वाळूवर उभं राहून वाइलला दिलंस, त्याला थंडी वाजत असणार, आणि मग तुम्हाला वेगळ्या बोटींत ढकललं असणार. दिलंस ते बरं केलंस. मी असतो तर कदाचित दिलं नसतं. पण आता माझ्याकडं दोन आया आहेत. एकीचा मुलगा मी टीव्हीत ठेवलाय आणि दुसरीचा खिशात. भिंतीपलीकडं मबरूका खाटल्यावर बसून तिचा पोरगा बुडाला असं रोज मनाशी ठरवते, आणि तो पोचलेला, हसत असलेला, मी त्याला पेनड्राइव्हमधून किल्ल्यांबरोबर घेऊन फिरतो. त्यानं फोन का केला नाही, याला तुझ्या आईचीच कारणं पुरतील. तिला दाखवलं तर तुझ्या आईला दाखवावं लागेल. दिवा कुणाला सांगत नाही. हे सी तिजानींनी आम्हाला चांगलं म्हणून शिकवलं होतं आणि मी साठ वर्षं चांगलं म्हणूनच म्हणत आलो. काय करू, हे तुला विचारायला बसलो होतो. पत्ता काय घालायचा हा प्रश्न मला सुरुवातीपासून एकदाही पडला नाही, हे आता ध्यानात आलं. म्हणजे हे पत्र कुठं पोचायचं नाही, हे मला माहीतच असणार.

गल्लीतून कुणीतरी येतंय. मबरूका आहे. हातात ओढणीखाली झाकलेलं भांडं आहे, भाजलेल्या हिरव्या गव्हाचा वास इथं गच्चीवर येतोय. तिनं एकटीनंच भाजलेले दिसतात. आपल्या दाराशी थांबली, पुढं जाईल वाटलं, गेली नाही. कडी वाजवली आणि आतल्या हालचालीची वाट न बघता तुझ्या आईशी बोलायला लागली, लाकडाशीच बोलल्यासारखी. "मन्नूबिया, रमजानच्या आधी मन साफ करायला आलेय. तुझा पोरगा पोचला, माझा नाही पोचला, त्यात तुझा काय दोष. ऐकलं की मोठ्या टीव्हीवर दिसतो. मला एकदा बघू दे त्याला. तो दिसला की माझ्या वाइलला कुणाशीतरी शेवटचं बोलताना बघितल्यासारखं होईल."

तुझी आई माजघरातून विचारते आहे, "हम्मादी, कोण आलंय?" मधल्या पायरीवरून वर-खाली निरोप पोचवणारा इथं नाही, तेव्हा मलाच खाली जायला हवं. लस्साद आज उशिरापर्यंत दुकान उघडं ठेवतो, चादरीखालचा जड टीव्ही तिथंच आहे. दोघींनाही चपला घालायला सांगतो.

खांबापाशी अजून उभा असलेला,
तुझाच,
बाबा